चौदा इंचांवरून सतरा इंचांवर : माझ्या स्विफ्टच्या चाकांचा हिशेब

कोल्हापूरजवळील शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत मी ज्या मशीन शॉपमध्ये काम करतो, तेथे ओतकामाचे वजन करण्यासाठी एक इलेक्ट्रॉनिक काटा आहे. एका रविवारी शॉप बंद असताना मी त्यावर माझ्या गाडीची दोन चाके, टायरसकट, एकामागून एक ठेवली. कंपनीकडून आलेले चौदा इंची लोखंडी चाक १४.२ किलो भरले. बाजारातून घेऊन बसवलेले सतरा इंची अलॉय, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, चाक २०.४ किलो भरले. एका चाकामागे सहा किलोंहून थोडा अधिक, म्हणजे चार चाकांमागे जवळजवळ २५ किलोंचा फरक होता. हे वजन मी चाके विकत घेण्याआधी करायला हवे होते. ते सात महिन्यांनी केले. त्या सात महिन्यांत गाडीत जे जे बदल मला जाणवले, त्यांतील बहुतेकांचे स्पष्टीकरण या दोन आकड्यांत आणि टायरच्या बाजूवर छापलेल्या मापात आधीपासूनच होते, म्हणून तो सगळा हिशेब येथे सविस्तर मांडत आहे.

गाडी २०१३ सालची डिझेल स्विफ्ट आहे. तिचे १२४८ सीसीचे इंजिन साधारण ७५ अश्वशक्ती देते आणि २००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला २००० फेऱ्यांवर, १९० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते. माझ्या गाडीला मूळ १६५/८० आर १४ मापाचे टायर होते. हे टायर गाडीच्या अंगाच्या मानाने बारीक दिसतात हे खरे आहे आणि चाके बदलण्याच्या इच्छेमागे दिसण्याचा भाग मोठा होता. पण मला मनापासून असेही वाटत होते, की मोठे आणि रुंद चाक बसवले की गाडी रस्त्याला अधिक घट्ट धरून चालेल आणि त्यामुळे ती सर्वच बाबतींत सुधारेल. यातील पहिला भाग बऱ्याच अंशी खरा ठरला, दुसरा मात्र खरा ठरला नाही. मी २०५/५० आर १७ हे माप निवडले, कारण दुकानात रिमबरोबर, म्हणजे टायरच्या आतील धातूच्या चाकाबरोबर, तेच टायर उपलब्ध होते आणि 'बसते, चालते' असे मला सांगण्यात आले.

टायरच्या मापातील पहिला आकडा रुंदीचा असतो, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते सांगतो आणि शेवटचा आकडा रिमचा व्यास इंचांत देतो. १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर; ही उंची रिमच्या वर आणि खाली अशी दोनदा धरून चौदा इंचांत, म्हणजे ३५५.६ मिलिमीटरमध्ये मिळवली, की चाकाचा एकूण बाह्य व्यास ६१९.६ मिलिमीटर येतो. २०५/५० आर १७ चा हाच हिशेब केला तर १०२.५ दुणे २०५ आणि त्यात ४३१.८, म्हणजे ६३६.८ मिलिमीटर. रिम तीन इंचांनी वाढली, परंतु भिंत सुमारे तीस मिलिमीटरने कमी झाली, त्यामुळे बाहेरच्या व्यासात फक्त १७ मिलिमीटरची, म्हणजे २.८ टक्क्यांची वाढ झाली. मूळ चाक एका किलोमीटरमध्ये साधारण ५१४ वेळा फिरत होते, तर नवे ५०० वेळा. 'फक्त' हा शब्द मी जपून वापरत आहे, कारण गाडीची कामगिरी बदलण्यास एवढाही फरक पुरेसा असतो.

इंजिनाचा जोर गिअरबॉक्समधून चाकाच्या केंद्राशी पोहोचतो, परंतु गाडीला पुढे ढकलण्याचे काम चाकाच्या कडेवर, रस्ता आणि रबर जेथे भेटतात तेथे होते. केंद्रापासून ती जागा जितकी दूर, तितका तोच जोर तेथे कमी पडतो. व्यास २.८ टक्क्यांनी वाढल्यामुळे प्रत्येक गिअरमध्ये रस्त्यावर मिळणारी ओढ सुमारे २.७ टक्क्यांनी घटली. कोणी गिअरबॉक्समधील दात बदलून सगळे गिअर थोडे लांब केले असते, तरी परिणाम हाच झाला असता. सपाट महामार्गावर, पाचव्या गिअरमध्ये नव्वदच्या वेगाने जाताना हा फरक कळत नाही. उलट इंजिन थोडे सावकाश फिरत असल्याने गाडी शांत वाटते. मला तो कळला आंबा घाटात. रत्नागिरीकडून परतताना साखरप्याच्या पुढे घाट चढू लागला की अवघड वळणांवर वेग वीस-पंचवीसवर येतो आणि दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन नेमके त्या पट्ट्यात येते, जेथे टर्बोने, म्हणजे इंजिनात जादा हवा भरणाऱ्या यंत्रणेने, अद्याप जोर धरलेला नसतो. या इंजिनाची खरी ताकद १८०० ते २००० आरपीएमच्या पुढे जागी होते, हे ते चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पूर्वी ज्या वळणांवर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी कशीबशी का होईना पण ओढून बाहेर पडत असे, तेथे आता मला पहिला गिअर टाकावा लागू लागला. तीन टक्क्यांहून कमी बदल इतका का जाणवावा, असा प्रश्न पडू शकतो. त्याचे उत्तर असे की इंजिन आधीच काठावर होते आणि काठावरच्या गोष्टीला थोडा धक्काही पुरतो.

याच्याच जोडीला वजनाचा प्रश्न येतो आणि तो केवळ २५ किलोंचा नाही. आमच्या भागात गुऱ्हाळावर जुन्या पद्धतीचे डिझेल इंजिन हँडल मारून सुरू करताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्याचे जड फ्लायव्हील, म्हणजे मोठे फिरते चाक, आठवेल. त्या फ्लायव्हीलचे बहुतेक वजन मुद्दाम कडेला ठेवलेले असते, कारण कडेचे वजन फिरवायला अवघड आणि एकदा फिरू लागले की थांबवायलाही अवघड असते. चरकात ऊस अडला तरी इंजिन बसू नये म्हणून तो गुण तेथे हवाच असतो. मोटारीच्या चाकात नेमका हाच गुण नको असतो. फिरणाऱ्या वस्तूचा हा हट्ट केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. चौदा इंची रिमची कड केंद्रापासून साधारण १७८ मिलिमीटरवर असते, सतरा इंचीची २१६ मिलिमीटरवर. म्हणजे एक किलोही धातू न वाढवता तोच धातू चौदा इंची कडेवरून सतरा इंची कडेवर नेला, तरी त्याला फिरवण्याचे काम १.४७ पट होते. माझ्या बाबतीत धातूही वाढला, रबरही वाढले आणि दोन्ही बाहेरच्या बाजूला सरकले.

मी रिम आणि टायर यांची वजने वेगवेगळी धरून, त्यांचे वजन कोठे एकवटले आहे याचा ढोबळ अंदाज बांधून आकडेमोड केली. गाडीचा वेग वाढवताना चाकांतील या बदलाचा परिणाम गाडीत चाळीस ते पंचेचाळीस किलो ओझे कायमचे ठेवण्याइतका होतो, असे उत्तर आले. त्यांतील २५ किलो हे खरे वजन आणि उरलेले ते वजन फिरवण्याचा भार. चालकासकट अकराशे किलोंच्या गाडीत हे चार टक्क्यांच्या आसपास जाते. व्यासामुळे घटलेली ओढ त्यात मिळवली, तर पिकअपमध्ये एकूण सहा ते सात टक्क्यांची घट झाली. वीस सेकंदांच्या ओव्हरटेकला सेकंदभर अधिक, असा त्याचा व्यवहारातील अर्थ होतो. समोरून उसाचा ट्रक येत असताना तो सेकंद फार मोठा वाटतो.

येथे एका गैरसमजाबद्दल लिहिणे आवश्यक आहे, कारण मी स्वतः धातूच्या धंद्यात असूनही तो बाळगून होतो. अलॉय चाक म्हणजे हलके चाक, असे सर्रास समजले जाते. ॲल्युमिनियमची घनता लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश असते, हे खरे. परंतु ते तितके बळकट नसल्यामुळे जाडी वाढवावी लागते, आणि साच्यात ओतलेल्या स्वस्त चाकात तर आतील दोष झाकले जावेत म्हणून ती आणखी वाढवली जाते. पत्रा दाबून बनवलेली चौदा इंची साधी लोखंडी रिम ही वजनाच्या दृष्टीने मुळीच वाईट वस्तू नाही. अलॉयचा वजनातील फायदा एकाच मापाच्या दोन चाकांत, आणि तोही चांगल्या प्रतीच्या चाकात दिसतो. कमी दाबाने साच्यात भरून, नंतर कड रोलरने ताणून बनवलेली किंवा घडवलेली, म्हणजे फोर्ज केलेली चाके खरोखरच हलकी असतात, आणि त्यांची किंमतही त्या मानाने बरीच वाढते.

आता ॲव्हरेजकडे वळतो, कारण त्याबाबत सर्वाधिक चुकीचे निष्कर्ष काढले जातात. मी प्रत्येक वेळी टाकी पूर्ण भरून, वहीत नोंद ठेवून हिशेब करतो. चौदा इंची चाकांवर माझे ॲव्हरेज लिटरला साधारण २१ किलोमीटर होते. सतरा इंची चाके बसवल्यानंतर वहीत १८.९ आले, म्हणजे दहा टक्क्यांची घट. परंतु यातील काही भाग खोटा आहे. गाडीचे अंतर मोजणारे यंत्र चाकाचे, खरे म्हणजे गिअरबॉक्समधून जाणारे फेरे मोजते. चाक मोठे झाले आहे हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. त्यामुळे गाडी १०२.८ किलोमीटर चालते तेव्हा ते १०० च दाखवते. १८.९ ला या प्रमाणात वाढवले की खरे ॲव्हरेज १९.४ येते. घट आहेच, पण ती साडेसात टक्क्यांच्या आसपास आहे. ज्यांनी मापाने लहान चाक बसवले असेल, त्यांच्या बाबतीत हाच हिशेब उलटा होईल आणि ॲव्हरेज वाढल्याचा भास होईल.

वेगदर्शकाचेही तसेच. बहुतेक गाड्यांचा वेगदर्शक खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्त वेग दाखवतो आणि ते मुद्दाम असते, कारण संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आयोगाने ठरवलेल्या आणि अनेक देशांत मानल्या जाणाऱ्या नियमात त्याने खऱ्यापेक्षा कमी दाखवता कामा नये, अशी अट आहे. माझ्या गाडीत काटा शंभरवर असताना फोनवरील उपग्रहाधारित वेग पूर्वी ९५ दिसत असे, नंतर ९७ ते ९८ दिसू लागला. म्हणजे माझ्याकडे अजून थोडी मोकळीक शिल्लक होती. हाच बदल सहा-सात टक्क्यांचा असता, तर काटा ऐंशी दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ऐंशीच्या वर गेली असती आणि स्पीड कॅमेऱ्यापुढे त्याचे स्पष्टीकरण देता आले नसते.

वजनामुळे इंधन जाते ते गाडी थांबत-निघत चालते तेव्हा. एकसारख्या वेगाने चालताना फिरणारे वजन जवळजवळ काही मागत नाही. महामार्गावर जे ॲव्हरेज घटले ते मुख्यतः दोन कारणांनी. रुंद टायर हवेला अधिक आडवा येतो, आणि त्याचे रबर व बांधणी बहुधा पकडीसाठी केलेली असल्यामुळे ते रस्त्यावर लोळताना अधिक ऊर्जा खाते. विजेवर चालणाऱ्या मोटारींचे काही उत्पादक एकाच मोटारीच्या लहान आणि मोठ्या चाकांसाठी पल्ल्याचे आकडे वेगवेगळे देतात, त्यामागे हेच कारण आहे. अमेरिकेतील 'कार अँड ड्रायव्हर' मासिकाने २०१० साली एकाच फोक्सवॅगन गोल्फवर १५ पासून १९ इंचांपर्यंत पाच मापांची चाके चढवून चाचणी घेतली होती. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या चाकांची तुलना करता इंधनाच्या हिशेबात सुमारे १० टक्के आणि ताशी ९७ किलोमीटरचा वेग गाठण्यात सुमारे ४ टक्के घट त्यांना आढळली. माझ्या वहीतील आकडे याच घरातील आहेत, याने मला माझ्या हिशेबाबद्दल थोडा धीर आला.

जे चांगले झाले तेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. स्टिअरिंग वळवल्यापासून गाडीचे नाक वळेपर्यंत पूर्वी जो क्षणभराचा सैलपणा जाणवत असे, तो जवळजवळ गेला. टायरची उंच भिंत वळणावर आधी स्वतः मुरडते आणि मग गाडीला वळवते; भिंत बुटकी झाली की मुरडण्यास जागाच कमी उरते. कोरड्या डांबरावर, वेगात घेतलेल्या वळणावर गाडी निश्चितपणे अधिक स्थिर होती आणि जोराने ब्रेक दाबल्यावर ती अधिक सरळ थांबत असे. यात रुंदीइतकाच रबराच्या दर्जाचा वाटा होता, कारण मूळचे बारीक टायर इंधन वाचवण्यासाठी बनवलेले आणि शिवाय पाच वर्षांचे जुने होते. रुंद टायर म्हणजे रस्त्याला टेकणारे रबर अधिक, असे सरळ गणितही नाही. टेकणाऱ्या जागेचे क्षेत्रफळ मुख्यतः चाकावरचे वजन आणि टायरमधील हवेचा दाब यांवर ठरते; रुंदी वाढवली की ती जागा आखूड आणि आडवी होते. वळणात याचा फायदा होतो. पावसात मात्र तोटा होतो, कारण आडव्या पट्ट्याला समोरून अधिक पाणी बाजूला सारावे लागते आणि तो पाण्यावर तरंगण्याची शक्यता कमी वेगातच निर्माण होते. गगनबावड्याकडच्या पावसात ज्याला वरचेवर जावे लागते, त्याने हा मुद्दा वळणावरच्या पकडीहून वर ठेवला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय ऊस वाहतुकीने ज्या रस्त्यांवर चाकोऱ्या पडल्या आहेत, तेथे रुंद आणि बुटका टायर चाकोरीच्या उताराने आपोआप ओढला जातो; स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवावे लागत असे.

गाडीचे जे वजन स्प्रिंगच्या वर असते त्याला सस्पेन्शन सांभाळते. परंतु चाक, टायर, ब्रेक आणि चाक ज्यावर बसते तो हब हे स्प्रिंगच्या खाली असतात आणि त्यांना सांभाळणारा फक्त टायर असतो. खड्ड्याच्या काठावर आदळलेल्या चाकाला झटकन वर उचलले जाऊन तितक्याच झटकन खाली यावे लागते. ते सहा किलोंनी जड झाले, की शॉकॲब्सॉर्बरला ते आवरणे कठीण जाते, आणि त्याच वेळी धक्का पिऊन घेणारी भिंत १३२ वरून १०२ मिलिमीटरवर आलेली असते. दोन्ही गोष्टी एकदमच नको त्या दिशेने जातात. मागच्या बाकावर बसणाऱ्या माझ्या आईने पहिल्याच आठवड्यात, गाडीला काय केले आहेस, कमरेला हादरे बसतात, असे विचारले होते. पुढे दोन पावसाळे काढण्याचाही प्रश्न आला नाही. एका संध्याकाळी पाण्याने भरलेला खड्डा मला साध्या डबक्यासारखा दिसला, गाडी पन्नासच्या आसपास वेगात होती, आणि डाव्या पुढच्या चाकाची कड आत वाकली. टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला. आतील दोऱ्यांचा थर तुटल्याची ती खूण असते आणि असा टायर दुरुस्त होत नाही.

रिम मात्र दुरुस्त करून देण्याची तयारी ताबडतोब दाखवण्यात आली, आणि येथे मला माझ्या कामातील अनुभवाने थांबवले. आमच्याकडे बहुतेक काम बिडाचे असले तरी ॲल्युमिनियमचे ओतकामही मशीनवर येते. चाकांसाठी सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या सिलिकॉनयुक्त ॲल्युमिनियमला त्याची ताकद नुसत्या ओतण्याने येत नाही. चाक सुमारे ५४० अंशांवर तापवून, पाण्यात बुडवून, मग दीडशे अंशांच्या आसपास काही तास ठेवले जाते आणि या उष्णोपचारातून त्याला कणखरपणा येतो. गॅसच्या ज्योतीने कड लाल होण्याची वाट पाहता येत नाही, कारण ॲल्युमिनियम रंग न बदलताच मऊ होते. किती तापले हे डोळ्यांना कळत नाही. तशा अवस्थेत हातोडीने सरळ केलेली कड आकाराने बरोबर दिसते, परंतु तेवढ्या भागातील उष्णोपचार पुसला गेलेला असतो. थोडासा बाक मशीनवर, थंड अवस्थेत, हळूहळू दाबून काढणे मी समजू शकतो. तडा गेलेली कड वेल्डिंग करून पुन्हा पुढच्या चाकाला लावणे मला मान्य नाही. माझ्या रिमला आतून केसाएवढा तडा होता. तो मी तड्यात शिरून रंगाने दोष दाखवणाऱ्या द्रवाने तपासला आणि ती रिम पट्टीच्या करवतीवर कापून भंगारात दिली, म्हणजे ती कोणी पुन्हा वापरणार नाही.

चाक बसण्याविषयीही थोडे सांगतो. स्विफ्टच्या हबवर १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर चार बोल्ट आहेत, आणि हे माप जुळले की चाक 'बसते' असे समजले जाते. परंतु हबच्या मधला उंचवटा ५४.१ मिलिमीटरचा आहे आणि बाजारातील अनेक अलॉय रिमचे मधले भोक, अनेक गाड्यांना चालावे म्हणून, ७३.१ मिलिमीटरचे असते. मधली पोकळी तशीच ठेवली तर चाकाचे मध्य साधण्याचे काम केवळ नटांवर येते. ऐंशी-नव्वदच्या वेगाला माझे स्टिअरिंग थरथरत होते; तीनदा बॅलन्सिंग करूनही ते गेले नाही. शेवटी ॲल्युमिनियमच्या चार कड्या, बाहेरून ७३.१ आणि आतून ५४.१, लेथवर टर्न करून बसवल्या आणि थरथर त्याच दिवशी थांबली. तयार कड्या बाजारातही मिळतात. रिमचा ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून ती हबला टेकते त्या पृष्ठभागाचे अंतर, हा दुसरा दुर्लक्षित आकडा आहे. माझी नवी रिम दोन इंचांनी रुंद होती आणि तिचा ऑफसेट मूळ रिमपेक्षा १० मिलिमीटरने कमी होता. रुंदीची निम्मी वाढ, म्हणजे २५ मिलिमीटर, आणि ऑफसेटचे दहा, असे मिळून चाकाची बाहेरची कड ३५ मिलिमीटरने बाहेर आली. त्यामुळे मागे तीन माणसे बसली की टायर मडगार्डच्या आतील कडेला घासू लागला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हबच्या बेअरिंगवर पडणारा भार त्याच्या मूळ रेषेपासून सरकला. पुढच्या डाव्या बेअरिंगने वर्षाच्या आत आवाज धरला. त्यात खड्ड्याचा वाटा किती आणि ऑफसेटचा किती, हे वेगळे करता येणार नाही, पण बेअरिंग बदलावे लागले.

टायरवरील भारांक पाहणेही तितकेच महत्त्वाचे आहे. माझ्या मूळ टायरवर ८५ हा अंक होता, म्हणजे एक टायर ५१५ किलो वाहू शकतो. स्विफ्टवर आवडीने चढवले जाणारे २०५/४५ आर १७ हे टायर साध्या बांधणीत ८४ अंकाचे, म्हणजे ५०० किलोंचे असतात. दिसायला भरदार असलेला टायर बारीक टायरपेक्षा कमी वजन वाहतो, कारण वजन हवा पेलते आणि बुटक्या टायरमध्ये हवेला जागा कमी असते. हे माप घ्यायचेच असेल, तर जादा भाराच्या बांधणीचा टायर मागून घ्यावा आणि हवेचा दाबही त्याच्या तक्त्याप्रमाणे ठेवावा. कायद्याच्या बाजूने पाहता मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांहून नोंदणीतील तपशील वेगळे पडतील, असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला आहे. विमा कंपनीला चाके बदलल्याचे लेखी कळवणे शहाणपणाचे आहे. मी ते कळवले होते.

एक सतरा इंची चाक गेल्यावर चौथे नवे घेण्याऐवजी मी दुसरा मार्ग घेतला. याच स्विफ्टच्या वरच्या प्रकारात कंपनी १८५/६५ आर १५ हे माप देत असे. त्याचा बाह्य व्यास ६२१.५ मिलिमीटर येतो. मूळ चौदा इंचीपेक्षा दोन मिलिमीटरहूनही कमी फरक. वेगदर्शक, गिअर, चाक अडकू न देणारी एबीएस ब्रेक यंत्रणा, सर्व काही ज्या आकारासाठी जुळवलेले आहे, तोच आकार राहतो. त्या प्रकारची, कंपनीचीच पंधरा इंची अलॉय चाके मला एका मालकाकडून वापरलेली मिळाली, आणि या वेळी पैसे देण्याआधी ती काट्यावर ठेवली. नव्या टायरसकट एक चाक १५.३ किलो भरले. ज्यांना याहून मोठे चाक हवेच आहे, त्यांच्यासाठी १९५/५५ आर १६ हे माप ६२०.९ मिलिमीटरवर येते आणि हलकी रिम मिळाली तर ते मला समजण्यासारखे वाटते. परंतु आमच्या रस्त्यांवर १०७ मिलिमीटरची भिंत मी स्वतःसाठी निवडणार नाही.

पंधरा इंची चाकांवर आता चौदा हजार किलोमीटर झाले आहेत. वहीतील ॲव्हरेज २०.६ आहे. वळणावरचा नेमकेपणा सतरा इंचीएवढा नाही, पण मूळ चाकांपेक्षा तो स्पष्टपणे अधिक आहे आणि पावसात गाडी मला आश्वस्त वाटते. गेल्या महिन्यात रत्नागिरीहून येताना साखरप्याच्या पुढील सगळी वळणे गाडीने दुसऱ्या गिअरमध्ये घेतली. उरलेली तीन सतरा इंची चाके घेण्यासाठी आमच्याच शॉपमधील एक तरुण सहकारी विचारत आहे. त्याच्या गाडीच्या हबचे माप, ऑफसेट आणि मूळ टायरवरील भारांक त्याने लिहून आणावा आणि मग आपण बोलू, असे मी त्याला सांगितले आहे.